सहाशे साठ सेकंद

सोर्स कोड नाही.
तो ठोसरांच्या हार्ड डिस्कवर होता,
आणि डिस्क, टेबल, ठोसरांची खुर्ची
कंपनी विकली तेव्हा एकाच टेम्पोतून
दिघ्याच्या भंगारवाल्याकडे गेली.
उरली चिपमधून उपसून काढलेली ही फाईल.
बत्तीस किलोबाईट. लग्नाच्या एका फोटोत
एवढ्यात नवऱ्याचा कानसुद्धा मावणार नाही.
यावर रबाळ्याची भट्टी चौदा वर्षं चालली आहे.

शेठना एकच गोष्ट हवी आहे.
भट्टी बंद केल्यावर दाराचं कुलूप
अकरा मिनिटं सुटत नाही.
"मॅन्युअलमध्ये चार लिहिलंय, चार करा.
दिवसाला नऊ घाणे, घाण्यामागे सात मिनिटं.
हिशेब तुम्हीच करा, मॅडम."
केला. तास आणि वर तीन मिनिटं.
शेठचं चुकलेलं नाही.

सगळे गेल्यावर फाईल उघडते.
बाहेर पारसिकच्या डोंगरावर टॉवरचा लाल दिवा,
आत सोळा-सोळाच्या ओळी,
उजव्या कडेला मधूनच एखादा शब्द, "डोअर", "हीट",
बाकी टिंबं.
आणि शेवटी पानंच्या पानं
एफएफ एफएफ एफएफ.
नव्या पोरांना हे पटत नाही:
कोरी चिप शून्यांची नसते.
कोरी म्हणजे सगळे एक, काठोकाठ भरलेले.
लिहायचं म्हणजे त्यातले काही विझवायचे.

अकरा मिनिटं, सहाशे साठ सेकंद.
हेक्समध्ये शून्य दोन, चौऱ्याण्णव.
शोधलं. नाही.
मग आठवलं, हा प्रोसेसर धाकट्याला पुढे बसवतो,
आपण त्रेपन्न म्हणताना
तीन आधी येतात तोंडात, पन्नास मागून, तसं.
चौऱ्याण्णव, शून्य दोन.
तीन जागी सापडलं.
एक तापमानाच्या कोष्टकात.
एक निव्वळ योगायोग, दोन सूचनांच्या सांध्यावर जमलेला.
तिसरा हाच.

त्या जागी एफ-शून्य, शून्य-शून्य टाकलं. चार मिनिटं.
चेकसम नव्याने काढला.
तेवढ्यात रात्रपाळीचा हरेश्वर मढवी
चहा घेऊन आला, कप ठेवला, गेला नाही.
"अकरा काढताव काय, ताई?"
उत्तराची वाट न बघता त्याने बाही वर केली.
मनगटापासून कोपरापर्यंत
दुधावरच्या सायीसारखी आकसलेली कातडी.
"आदी चारच व्हती. ठोसर सायबांनी मंग अकरा केली."
आणि कप घेऊन जायला परत येतो म्हणाला.

ठोसरांनी त्या ओळीशेजारी काही लिहिलं असणार.
दोन तिरक्या रेघा, पुढे एखादं वाक्य,
कदाचित तारीख, कदाचित मढवीचं नाव.
पण यंत्राला कारण लागत नाही.
कंपायलर ते चोथ्यासारखं बाजूला टाकतो,
रस तेवढा चिपमध्ये उतरतो:
थांब. सहाशे साठ मोज. मग सोड.
चौदा वर्षं ती का थांबते हे न कळता थांबली,
आणि आम्ही त्याला बग म्हणत होतो.

चौऱ्याण्णव, शून्य दोन परत ठेवलं.
मग खाली गेले, एफएफच्या माळावर,
जिथे प्रोसेसर कधी फिरकत नाही.
तिथे एकेक अक्षर विझवत लिहिलं,
रोमन लिपीत,
कारण देवनागरीची पुढच्याच्या पडद्यावर टिंबंच दिसतील:
मढवीचा हात. चार पुरली नाहीत.
ठोसरांचं अकरा काढू नका.
पासष्ट-सत्तर बाईट. जागा रग्गड होती.

चेकसम पुन्हा काढला.
चिप पुसली, लिहिली, पडताळली.
दोन वाजता भट्टीने पहिला घाणा घेतला,
तिला काही फरक पडला नाही.

चहा गार झाला होता, तसाच प्यायले.
सकाळी शेठ विचारतील,
सापडलं का.
सापडलं, म्हणेन.
पुढचं वाक्य अजून जुळवते आहे.